नकाशाबरहुकूम घर

बांधकाम निरीक्षकांनी मोठ्या रस्त्याकडचं दार ढकललं, नकाशाप्रमाणे बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते थेट ओट्यासमोर येऊन उभे राहिले. ओटा काळ्या दगडाचा, गुळगुळीत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी सिंक आणि वर कपबशांची फळी.

"बैठकीची खोली कुठंय?" निरीक्षकांनी विचारलं.

"ती शेवटी," घरमालक मोठ्या अभिमानाने म्हणाले. "हे स्वयंपाकघर, मग मधली खोली, मग बैठक. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं. काय शांत वाटतं म्हणून सांगू तिकडे!"

निरीक्षकांनी बगलेतला नकाशा उलगडला. नकाशा पाहिला, ओटा पाहिला, परत नकाशा पाहिला. मग नकाशा फिरवून पाहिला. त्याने भागेना तेव्हा ते स्वतःच फिरले. शेवटी घडी घालत हळहळून म्हणाले, "घर छान आहे हो. पण हे ते घर नाही."

"ते घर नाही म्हणजे?" आतून घरमालकीणबाई आल्या.

"मंजूर झालेल्या घराचं दार या मोठ्या रस्त्यावर आहे. आत आलं की बैठक. स्वयंपाकघर मागे, गल्लीच्या अंगाला. तुमचं पुढचं मागे गेलंय आणि मागचं पुढे आलंय. हे घर कागदावर नाही आणि कागदावरचं घर जागेवर नाही. मी भोगवटा प्रमाणपत्र देऊ कशाला?"

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नव्या घरात राहता येत नाही, नळाला पाणी सुटत नाही, दिवा लागत नाही. हे नाव ज्याने ठेवलं त्याने स्वतः घर बांधलेलं असणार, त्याशिवाय 'भोग' हा शब्द त्याला सुचला नसता.

निरीक्षक मनाने वाईट नव्हते. पण काही खोटं लिहायचं म्हटलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा, आणि त्यांच्या खात्यात ही व्याधी फार दुर्मीळ समजली जाई.

घरमालकीणबाई इस्पितळातून हेड सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. शेजारीपाजारीच काय, नवराही त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांची हयात गेली, म्हणून त्यांना सगळे कंपोझिटर म्हणत. आजवर दोघं एका लेथच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिले. खाली यंत्र सुरू झालं की वर फळीवरच्या बश्या सरकत सरकत कडेला येत. सिस्टर त्या हातासरशी मागे ढकलत. असा संसार केलेल्या माणसांना न हलणारी भिंत म्हणजे काय, हे आपल्याला कळायचं नाही.

आणि ती भिंत त्यांनी बांधलीही तशीच. कंत्राटदार नेमला नाही. कंपोझिटर सकाळी डबा घेऊन जागेवर जात. एकेक वीट दुसरीवर वाजवून आवाज ऐकत आणि बद्द वाजली की बाजूला ठेवत. भिंतींवर पाणी मारण्यात त्यांनी एकदाही खाडा केला नाही. सिस्टर ड्यूटी संपवून येत आणि गिलाव्यावरून हात फिरवत. इस्पितळात त्यांना चादरीवर सुरकुती खपत नसे, इथे भिंतीवर खपली नाही. "तिथे फुगलंय," एवढंच त्या म्हणायच्या आणि गवंडी मुकाट्याने थापी उचलायचे. त्या घराचा एकही कोपरा काटकोनाला बेइमान झालेला नव्हता. निरीक्षकांनी गुण्या लावून पाहिला आणि त्यांना आणखीच वाईट वाटलं.

बांधकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले तेच तापलेले.

"मी नकाशा सोडून एक वीट लावली असेल तर हात तोडून देईन," असं म्हणत त्यांनी पिशवीतून कागद काढला. आर्किटेक्टने जागेवर वापरायला दिलेली ती प्रत होती, पातळ, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कागदावरची. आर्किटेक्ट ती देऊन दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला होता. "साहेबांनी पायाच्या दिवशी स्वतः असा पसरून दिला. तेव्हापासून मी तो असाच धरतोय."

कंपोझिटरांनी चष्मा लावला. "बरोबर तर आहे! हे काय, इथे 'बैठक' लिहिलंय. हे 'स्वयंपाकघर'. चांगलं ठळक वाचता येतंय."

"कुठं?" निरीक्षक वाकले. "मला तर एक अक्षर लागत नाही."

"मला तरी कुठं लागलं?" मिस्त्री म्हणाले. "मी म्हटलं मोठा आर्किटेक्ट आहे, त्याची भाषा वेगळी असेल. आम्ही आपलं रेषा बघून बांधतो."

सिस्टरांनी कागद उचलला, उजेडात धरला आणि पालथा केला. सगळी अक्षरं गपकन सरळ झाली.

छापखान्यातल्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. कंपोझिटर ते आयुष्यभर उलटंच वाचत आले होते. ही अक्षरं विचित्र आहेत हे जगातल्या कुठल्याही माणसाला खटकलं असतं, फक्त त्यांना खटकलं नसतं. मध्यंतरी सिस्टरांनी एकदा विचारलंही होतं, "अहो, स्वयंपाकघर रस्त्यावर कसं?" तेव्हा त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं. सिस्टरांनी बोट पाहिलं होतं, अक्षर पाहिलं नव्हतं.

कंपोझिटर मटकन ओट्याला टेकले. त्यांचा चेहरा पाहून मिस्त्रींचाही राग उतरला. सिस्टर मात्र शांतपणे कागदाची घडी घालत म्हणाल्या, "जन्मभर उलटं वाचून घर चालवलंत, एकदा उलटं वाचून घर बांधलंत. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? उठा. ओटा गार आहे, कंबर धरेल."

दुसऱ्या दिवशी सिस्टर बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेल्या. मोठा रस्ता पूर्व विभागात होता आणि मागची गल्ली पश्चिम विभागात. दोन्ही विभागांची कार्यालयं एकाच मजल्यावर, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. ती भिंत घातली तेव्हा खोलीतली एकुलती एक खिडकी पश्चिमेच्या साहेबांच्या वाट्याला गेली होती आणि तेव्हापासून दोन्ही साहेबांमध्ये अबोला होता.

पूर्वेचे साहेब टेबलाला हात टेकून, कळ सोसत खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. "बाई, मी ज्या घराला परवानगी दिली ते तुम्ही बांधलंच नाही. उद्या बांधा, परवा प्रमाणपत्र घेऊन जा."

"आणि हे जे उभं आहे ते?"

"त्याचं मुख्य दार गल्लीत उघडतं. ज्या विभागात मुख्य दार, त्या विभागाचं घर. पलीकडे जा."

सिस्टर भिंतीला वळसा घालून पलीकडे गेल्या. पश्चिमेचे साहेब खिडकीशी बसले होते. "दार माझ्या गल्लीत, म्हणजे घर माझं. हे बरोबर," ते म्हणाले. "पण परवानगी माझी नाही, म्हणजे घर बेकायदा. तेही बरोबर."

"मग आता द्या की परवानगी."

"देतो ना! मोकळा प्लॉट दाखवा."

"प्लॉटवर घर आहे, साहेब."

"तीच तर अडचण आहे. घर पाडा, मोकळ्या प्लॉटचा अर्ज करा, मी परवानगी देतो. मग त्यावर हवं तर अगदी हेच घर बांधा. माझी काही हरकत नाही."

ते हे इतक्या मनापासून म्हणाले की सिस्टरांना त्यांचे आभार मानावे लागले.

इकडे जागेवर वेगळाच गोंधळ. वायरमन मीटर बसवायला जागा पाहायला आला. मंजूर नकाशात मीटर मोठ्या रस्त्याच्या अंगाला, दाराच्या उजव्या हाताला होतं. तिथे आता सिंक होतं. "पाण्यावर वीज बसवू?" त्याने विचारलं. "मला घरी बायको आहे." आणि तो गेला. पाणी खात्याला मात्र या भानगडीची गंधवार्ता नव्हती. त्यांनी मंजूर नकाशा पाहिला, स्वयंपाकघर गल्लीकडे आहे असं वाचलं आणि गल्लीतून खणून पाइप आणला. पाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवून ते गेले. नव्याकोऱ्या बैठकीत, जिथे कोच ठेवायचा होता बरोबर तिथे, भिंतीतून एक नळ डोकं काढून उभा राहिला. आणि लेथच्या कारखान्याचे मालक, ज्यांना वरच्या दोन खोल्या आता दुसऱ्या यंत्रासाठी हव्या होत्या, ते रोज जिन्यात भेटून अतिशय गोड आवाजात विचारू लागले, "मग? कधी हलताय?"

सामान बांधून झालं होतं, जायला जागा नव्हती. कंपोझिटरांची अन्नावरची वासना उडाली. ते दिवसभर नव्या घरात जाऊन बसत आणि आपण निवडून निवडून लावलेल्या विटांकडे पाहत.

सिस्टर मात्र नेमाने कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत होत्या. कधी आवाज चढवला नाही, कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही. लोक विचारत, "तुम्हाला राग कसा येत नाही हो?" त्या म्हणत, "पेशंटवर रागवायचं नसतं. तो आधीच हैराण असतो." एका लिपिकाची खोकल्याची ढास त्यांनी ऐकली आणि त्याला खिडकीखालच्या धुळीतून उठवून दुसरीकडे बसवलं. शिपायाच्या पायाची जखम पाहिली आणि त्याला तिथल्या तिथे दवाखान्यात पिटाळलं. बदल्यात काही मागितलं नाही. हळूहळू असं झालं की सिस्टर एखाद्या दिवशी दिसल्या नाहीत तर दोन्ही कार्यालयांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

एका दुपारी त्या कार्यालयातून परस्पर नव्या घरी आल्या. कंपोझिटर बैठकीत, नळासमोर, जमिनीवर बसले होते.

"छापखान्यात असं झालं असतं ना," ते नळाकडे पाहतच म्हणाले, "तर मालकांनी मला उभा जाळला असता."

"असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"काय करणार? पान मशीनवर चढल्यावर चूक सापडली तर अख्खं पान कोण मोडतंय? चिमट्याने चुकलेला शब्द उपसायचा आणि त्या जागी बरोबर शब्द बसवायचा. बाकी मजकुराला धक्का लावायचा नाही."

"मग उपसा की," सिस्टर म्हणाल्या.

"काय उपसू?"

"शब्द. भिंती कुठे चुकल्यात? घर चौकोनी आहे. या रस्त्यावर एक दार, त्या रस्त्यावर एक दार, हे नकाशातही आहे आणि इथेही आहे. रस्त्याकडची खोली लहान आहे आणि गल्लीकडची मोठी आहे, एवढाच काय तो फरक. लहान खोलीला 'बैठक' म्हटलं आणि मोठीला 'स्वयंपाकघर' म्हटलं, तर मुख्य दार कुठल्या रस्त्यावर येईल?"

कंपोझिटर उठून उभे राहिले. किती तरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

निरीक्षकांना विचारलं तेव्हा त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून पुन्हा पुन्हा वाचलं. बाहेरच्या भिंती मंजूर रेषेवर असतील तर आतल्या खोल्यांची अदलाबदल दाखवणारा सुधारित नकाशा मंजूर करता येत होता. स्वयंपाकघर फार लहान नसावं असा नियम होता, फार मोठं नसावं असा कुठेच नव्हता. "पण पूर्वेच्या साहेबांनी घर घ्यायला हवं आणि पश्चिमेच्या साहेबांनी सोडायला हवं," निरीक्षक म्हणाले. "आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

"बोलायला कोण सांगतंय? बघायला येऊ देत," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे मी दोघांनाही सांगते."

दोन्ही साहेबांनी सिस्टरांच्या शब्दाखातर यायचं कबूल केलं. दुसरा कोण येणार आहे हे कुणी विचारलं नाही आणि सिस्टरांनीही आपणहून सांगितलं नाही. पूर्वेचे साहेब मोठ्या रस्त्याकडून आत आले, त्याच वेळी पश्चिमेचे साहेब गल्लीकडून आत आले आणि मधल्या खोलीत दोघांची समोरासमोर गाठ पडली. दोघांनीही मान फिरवली. सिस्टर म्हणाल्या, "बैठकीत बसू या," आणि त्यांना लहान खोलीत घेऊन आल्या.

खोलीत एकही खुर्ची नव्हती. निरीक्षक रुमालाने हात पुसत उभे होते. सुधारित नकाशात या खोलीवर 'बैठक' असं लिहिलेलं होतं, आणि समोर भलामोठा ओटा होता.

"सिस्टर," ते कुजबुजले, "बैठकीच्या खोलीत ओटा?"

"मग?" सिस्टर मोठ्याने म्हणाल्या. "ओटा बसायलाच असतो, साहेब. पूर्वी घराबाहेर असायचा, आम्ही आत घेतला. बसा."

पूर्वेचे साहेब कंबरेच्या दुखण्याने बेजार होते. खाली जमिनीवर बसणं शक्यच नव्हतं. ते सावकाश ओट्यावर टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. बऱ्याच दिवसांनी ते न कळवळता बसले होते. "उंची अगदी बरोबर आहे हो!" ते म्हणाले. पूर्वेचे बसले म्हणताना पश्चिमेचे कसे उभे राहतील? ते दुसऱ्या टोकाला चढून बसले. दोघांचे पाय अधांतरी लोंबकळू लागले आणि पाय लोंबकळले की माणसाचा साहेबपणा थोडा उतरतोच. सिस्टरांनी दोघांच्या मध्ये चहा ठेवला.

"तिकडच्या मोठ्या खोलीत नळ आहे," पश्चिमेचे साहेब कपाकडे पाहत म्हणाले. "म्हणजे स्वयंपाकघर तेच."

"आणि या खोलीत आपण बसलोय," पूर्वेचे साहेब सिंककडे पाहत म्हणाले. "म्हणजे बैठक हीच."

"गल्लीकडचं दार मग मागचंच झालं. मागचं दार माझ्याकडे असायला माझी हरकत नाही."

"पुढचं माझ्याकडे असायला माझीही नाही."

अबोला सुटल्यावर एकमेकांशी बोललेली त्यांची ही पहिली वाक्यं. सगळी कायदेशीर होती.

प्रमाणपत्रावर सही करताना निरीक्षकांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. नकाशाप्रमाणे सारं काही होतं, पण तिथे चूल कुठे पेटणार आणि पाहुणा कुठे बसणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे तळहात ओले झाले. सिंकपासून दूर सरकवून मीटर बसलं, नळाला पाणी आलं, कारखान्याच्या मालकांनी स्वतः सामान उतरवायला हात लावला. नव्या घरातल्या पहिल्या सकाळी सिस्टरांनी सवयीने फळीवरची बशी मागे ढकलली. ती जागची हललीच नव्हती. दोघं बराच वेळ त्या बशीकडे पाहत उभे राहिले.

निरीक्षकांच्या जिवाला मात्र घोर लागला. बरेच महिने सरले आणि व्हायचं तेच झालं. वरिष्ठ कार्यालयातून एक मोठे अधिकारी आले, दिलेली प्रमाणपत्रं पडताळून पाहायची म्हणाले आणि फायलींच्या गठ्ठ्यात हात घालून त्यांनी नेमकं हेच घर काढलं.

वाटेत निरीक्षकांनी दुसरी तीन-चार सुंदर घरं दाखवून पाहिली. अधिकारी बधले नाहीत. मोठ्या रस्त्याकडचं दार आलं. निरीक्षकांनी कडी वाजवली तेव्हा त्यांना स्वतःची छाती वाजल्यासारखं वाटलं.

दार उघडलं. लहान खोलीत माणसं बसली होती. ओट्यावर गादी होती, गादीवर मिस्त्री कंपोझिटरांबरोबर वाद घालत होते आणि टोकाला, कंबरेला उशी लावून, पूर्वेचे साहेब वर्तमानपत्र वाचत होते. सिंकमध्ये एक हिरवंगार झाड लावलेलं होतं. अधिकारी आत गेले, मधली खोली ओलांडून मोठ्या खोलीत पोचले. तिथे नळाखाली भांडी होती, शेगडीवर काहीतरी रटरटत होतं आणि पदर खोचून सिस्टर फोडणीला उभ्या होत्या.

अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला, खोली पाहिली. "वा!" ते म्हणाले. "निरीक्षक, नोकरीत इतकी घरं पाहिली. खोलीवर जे लिहिलंय तेच खोलीत चाललेलं हे पहिलंच घर!" आणि शेरा लिहून ते निघून गेले.

निरीक्षक भिंत धरून उभे होते. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं आणि ठोके मोजले. "नाडी फारच धावतीय. काय झालं? बसा बघू आधी."

"सिस्टर," निरीक्षक भिंत न सोडता म्हणाले, "तुम्हाला आज तपासणी आहे हे कळलं कुठून? एवढी सगळी मांडामांड केलीत माझ्यासाठी!"

"कसली मांडामांड?" सिस्टर बुचकळ्यात पडल्या. "अहो, मोठ्या रस्त्याने येणारा प्रत्येक माणूस त्या ओट्यावर ठाण मांडतो आणि उठायचं नाव घेत नाही. मला पोळपाट ठेवायला जागा उरेना. इथे नळ होताच, म्हणून शेगडी उचलून आणली. आम्ही रोज असेच राहतो."